अध्यक्षपदाची सूचना

गणेश श्रीकृष्ण खापर्डे आणि रघुनाथ नरसिंह मुधोळकर. दोघेही अमरावतीचे वकील. खापर्ड्यांचा जन्म १८५४ चा, मुधोळकरांचा १८५७ चा. दोघांचेही शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले आणि दोघांनीही आयुष्याची उमेदीची वर्षे वऱ्हाडच्या सार्वजनिक कामात घातली. १८९७ साली काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले तेव्हा दोघे एका मांडवात, एका बाजूला होते. दहा वर्षांनी सुरतेला ते परस्परविरोधी गटांत गेले. आणखी पाच वर्षांनी मुधोळकर बांकीपूरला काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा टिळकपक्षाच्या खापर्ड्यांना त्या काँग्रेसमध्ये जागाच उरली नव्हती. या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. पक्षाच्या अध्यक्षाचे नाव भरसभेत कोणी सुचवायचे, त्याला अनुमोदन कोणी द्यायचे, आणि त्या दोघांचे बोलून झाल्यावर तिसऱ्याला तोंड उघडता येते की नाही?

आज पक्षाध्यक्षाचे नाव वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याला मोबाइलवर कळते. नाव दिल्लीत किंवा मुंबईत ठरलेले असते. फटाके फुटतात, पेढे वाटले जातात, राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर फलक लागतो. हाच माणूस का, हे त्या कार्यकर्त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. ज्या अमरावतीने एकेकाळी राष्ट्रीय सभेचे यजमानपद केले, त्याच गावी हे चालते याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या काळी काँग्रेसला कायमचा अध्यक्ष नव्हता. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत एका शहरी अधिवेशन भरे आणि त्या अधिवेशनाचा अध्यक्ष तोच वर्षभराचा अध्यक्ष मानला जाई. ज्या गावी अधिवेशन, त्या गावची स्वागत समिती मांडव घाली, वर्गणी गोळा करी, प्रतिनिधींच्या मुक्कामाची आणि जेवणाची सोय पाही, आणि अध्यक्ष कोण असावा याच्या वाटाघाटीतही तिचा हात असे. पहिल्या दिवशी स्वागताध्यक्षाचे भाषण होई. मग एक वजनदार पुढारी उठे आणि अमुक गृहस्थांनी अध्यक्षस्थान स्वीकारावे अशी सूचना मांडी. दुसरा अनुमोदन देई, तिसरा पुष्टी देई. टाळ्या पडत आणि अध्यक्ष खुर्चीवर बसत. नाव बहुधा आधी ठरलेले असले, तरी ते का ठरले हे सभेपुढे सांगावेच लागे. त्या माणसाने काय केले, त्याचा प्रांत कोणता, या वर्षी त्याचीच गरज का, हे सगळे त्या भाषणांत येई आणि वर्तमानपत्रांतून छापूनही येई.

अमरावतीच्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते हेच गणेश खापर्डे, म्हणजे दादासाहेब. मुनसफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरी करून ती त्यांनी १८९० मध्ये सोडली होती आणि वकिलीत जम बसवला होता. लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. राहणी थाटाची, दरवाजा सगळ्यांना उघडा, आणि भाषणात विनोदाची अशी हातोटी की विरोधकही ऐकत बसत. आज अमरावतीत खापर्डे बगीचा म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो.

वर्ष मात्र विनोदाचे नव्हते. देशात दुष्काळ होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी चाले. २२ जून १८९७ ला पुण्यात प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष म्हटले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुण्याच्या नातूबंधूंना तर खटला न चालवताच १८२७ च्या रेग्युलेशनखाली अटकेत ठेवले होते. अशा वेळी राष्ट्रीय सभा भरवायची म्हणजे यजमानाची छाती लागते.

वऱ्हाडची आणखी एक अडचण होती. कायद्याने पाहिले तर हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आलेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांच्या बोलीवर तो कायम पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला. म्हणजे १८९७ मध्ये ब्रिटिश राज्याकडे हक्क मागणारी ही सभा अशा जमिनीवर भरत होती, जी कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नव्हती. अमरावतीकरांनी त्याची फिकीर केली नाही. बडनेऱ्याला गाडी बदलून, फाट्याच्या लाईनीने, बंगाल, मद्रास, पंजाब, मुंबई अशा सगळ्या प्रांतांतून ६९२ प्रतिनिधी गावात उतरले.

अध्यक्ष होते मद्रासचे वकील चेत्तूर शंकरन नायर. वय अवघे चाळीस. परकीय कारभाराच्या मनमानीवर त्यांनी टीका केली आणि साम्राज्यात राहून का होईना, पण स्वराज्याचा हक्क मागितला. टिळक तुरुंगात असताना मराठी मुलखात येऊन हे बोलणे सोपे नव्हते. हेच नायर पुढे मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर तिथून राजीनामा देऊन बाहेर पडले. २०२५ मध्ये त्यांच्यावर ‘केसरी चॅप्टर २’ हा हिंदी चित्रपट आला. अमरावतीच्या तरुणांनीही तो पाहिला असेल. या माणसाला काँग्रेसच्या अध्यक्षपदी बसवले ते आपल्या गावाने, हेही त्यांना कळायला हवे.

अधिवेशनात सगळ्यांच्या लक्षात राहिले ते मात्र सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे भाषण. ध्वनिवर्धक अजून यायचा होता. कापडी मांडव, शेकडो माणसे, आणि मागच्या रांगेपर्यंत पोचायचे ते नुसत्या आवाजाच्या बळावर. सुरेंद्रनाथांना ती कला साधलेली होती. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या अधिवेशनाचे अध्यक्षीय भाषण त्यांनी तोंडपाठ केले होते. अमरावतीला त्यांनी टिळकांचे नाव घेतले, आपण त्यांना निर्दोष मानतो असे बजावले, आणि तुरुंगातल्या त्या माणसासाठी अवघे राष्ट्र अश्रू ढाळत आहे, अशा अर्थाचे शब्द उच्चारले. राजद्रोहाच्या कायद्याची भीती सगळ्यांच्या मानेवर असताना, तुरुंगातल्या कैद्याच्या बाजूने एक बंगाली पुढारी वऱ्हाडात बोलत होता. जाहीर भाषणाची किंमत काय असते, हे मला या प्रसंगावरून सर्वांत चांगले कळते. टिळक बाहेर आले ते सप्टेंबर १८९८ मध्ये.

हे सगळे इंग्रजीत चालले होते, हेही सांगितले पाहिजे. मांडवाबाहेर जमलेल्या कापसाच्या शेतकऱ्याला त्यातले अवाक्षर कळले नसणार. काँग्रेसला ही उणीव भरून काढायला पुढची वीस-पंचवीस वर्षे लागली.

कापसाचा विषय आलाच आहे, तर सातासमुद्रापलीकडचा एक प्रसंग इथे सांगावासा वाटतो. अमरावती आणि खामगावच्या बाजारांना जगाच्या नकाशावर आणले ते १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरने वऱ्हाडाकडे हात पसरले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि पुढची तीस वर्षे दोन्हीकडचा शेतकरी कर्जात बुडत गेला. तिकडे भांडण उभे राहिले ते नाण्याचे. चलन सोन्याला बांधून ठेवायचे की चांदीही मोकळी करायची? इकडेही १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या होत्या आणि आपल्या रुपयाची गत त्याच प्रश्नात अडकली होती. ९ जुलै १८९६ ला शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले होते. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता. नेब्रास्काचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन नावाचा छत्तीस वर्षांचा वकील बोलायला उभा राहिला आणि कर्जबाजारी शेतकऱ्याची बाजू त्याने अशी मांडली की अधिवेशनाने त्याला खांद्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी तो पक्षाचा उमेदवार झाला. नोव्हेंबरात तो हरला, पण एका भाषणाने पक्षाचे नेतृत्व फिरले हे कोणालाही नाकारता आले नाही. त्याच शिकागोत १८८० मध्ये जेम्स गारफिल्ड रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात दुसऱ्याचे, म्हणजे जॉन शर्मनचे, नाव सुचवायला उभा राहिला होता. मतदानाच्या छत्तीस फेऱ्या झाल्या आणि शेवटी पक्षाने उमेदवारी सूचकालाच दिली.

अमेरिकेतली ही पद्धत आपल्या काँग्रेसच्या पद्धतीपेक्षा वेगळी होती. तिथे एकाहून अधिक नावे यायची, प्रत्येक नावासाठी भाषण व्हायचे आणि मग राज्यवार मते मोजली जायची. आपल्याकडे एकच नाव यायचे. म्हणूनच ज्या दिवशी त्या एका नावावर बोलायला कोणी उभा राहील, त्या दिवशी काय होणार हे कोणी ठरवून ठेवले नव्हते. तो दिवस सुरतेला उजाडला.

१९०६ ला कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी टिळकांचे नाव पुढे आले होते. ते टाळायला नेमस्तांनी, म्हणजे मवाळ गटाने, ऐंशी ओलांडलेल्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून बोलावले, आणि दादाभाईंपुढे कोण बोलणार? १९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले. अध्यक्षाच्या निवडीला स्वागत समितीत तीन चतुर्थांश मते लागत. टिळकांच्या बाजूचे तरुण एकीकडे आणि नेमस्त दुसरीकडे, अशी नागपूरची समिती दुभंगली, सभा उधळली गेली आणि श्रेष्ठींनी नोव्हेंबरात अधिवेशन सुरतेला हलवले. नागपुरात पारडे टिळकांकडे झुकते, सुरतेत फिरोजशहा मेहतांचा शब्द चाले. वऱ्हाड-नागपूरकरांना हे झोंबले आणि झोंबायला हवेच होते. अध्यक्षपदासाठी राशबिहारी घोष यांचे नाव ठरले. टिळकांनी लाला लजपतराय यांचे नाव पुढे केले, पण लालाजींनी माघार घेतली.

२६ डिसेंबर १९०७. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मांडव. सोळाशेच्या आसपास प्रतिनिधी. खापर्डे टिळकांच्या बाजूला, मुधोळकर नेमस्तांत. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांचे भाषण झाले. दिवाण बहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोषांच्या नावाची सूचना मांडली. अनुमोदनाला सुरेंद्रनाथ उठले. दहा वर्षांपूर्वी अमरावतीला ज्यांनी टिळकांसाठी सभा गहिवरून टाकली होती, तेच हे सुरेंद्रनाथ. नागपूर आठवा, मिदनापूर आठवा (तिथेही दोन्ही गटांची अशीच बाचाबाची झाली होती), असे ओरडे सुरू झाले आणि त्यांना एक वाक्य पुरे करता येईना. हिंदुस्थानातला सर्वांत मोठ्या आवाजाचा वक्ता टेबलावर चढला, तरी त्याचे ऐकू जाईना. सभा तहकूब झाली.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी माळवींकडे चिठ्ठी पाठवली. अध्यक्षनिवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळाले की मला त्यावर बोलायचे आहे, सभा तहकूब करून तोडगा काढावा असे मांडायचे आहे, एवढाच तिचा आशय. चिठ्ठीला उत्तर आले नाही. सुरेंद्रनाथांनी अनुमोदन पुरे केले, मोतीलाल नेहरूंनी पुष्टी दिली, माळवींनी घोष निवडून आले असे जाहीर केले आणि घोष भाषणाला उभे राहिले. टिळक व्यासपीठावर चढले. तुम्हाला बोलता येणार नाही, असे माळवी म्हणाले. मी प्रतिनिधींकडे दाद मागतो, असे टिळक म्हणाले आणि हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. त्यांना खाली ओढायला माणसे धावली. गोखले मध्ये पडले. तेवढ्यात मांडवातून एक जोडा भिरभिरत आला. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने त्या जोड्याचे वर्णन करून ठेवले आहे. तांबडे चामडे, वर वळलेले टोक, तळाला शिसे ठोकलेले, मराठी पद्धतीचा जोडा. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून फिरोजशहांवर आपटला. मग खुर्च्या, काठ्या, पोलीस आणि रिकामा मांडव.

शाळेत आपण सुरतेची फूट जहाल आणि मवाळ यांच्या मतभेदाची म्हणून शिकतो, आणि मतभेद होतेच. बहिष्कार, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांवरचे कलकत्त्याचे ठराव पातळ होणार ही भीती खरी होती. पण सभा मोडली ती त्या ठरावांवर पोचण्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच कलमावर. अध्यक्षाची सूचना हा नुसता उपचार आहे, त्यावर चर्चा नसते, असे माळवी आणि नेमस्त मानत होते. टिळकांचे म्हणणे असे की सूचना सभेपुढे मांडलीत, अनुमोदन मागितलेत, मग ती मान्य करायचा तसा अमान्य करायचा अधिकारही सभेला आहे. मला यात टिळक बरोबर वाटतात. ते टिळक आहेत म्हणून मी हे म्हणत नाही. जोडा फेकणाऱ्याचा बचाव कोणी करू नये, पण पाच-दहा मिनिटे बोलू दिले असते तर काय बिघडले असते? घोष बहुमताने निवडून आलेच असते.

न बोलू दिल्याची किंमत पुढच्या दहा वर्षांत चुकवावी लागली. १९०८ मध्ये नेमस्तांनी नवी घटना केली आणि टिळकपक्षाला काँग्रेसचे दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी टिळकांना पुन्हा राजद्रोहाची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले. खापर्डे त्यांच्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि जवळपास दोन वर्षे तिथे राहिले. परत आल्यावर १९११-१२ च्या हिवाळ्यात ते शिर्डीला साईबाबांच्या सान्निध्यात मुक्काम करून होते. त्यांची ती दैनंदिनी आजही भक्तमंडळी वाचतात.

आणि मुधोळकर? डिसेंबर १९१२ मध्ये बांकीपूरला, म्हणजे आजच्या पाटण्यात, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अमरावतीच्या माणसाला हा मान मिळाला. त्यांची पात्रता निर्विवाद होती. १८९० मध्ये ह्यूम, सुरेंद्रनाथ आणि अर्डले नॉर्टन यांच्याबरोबर काँग्रेसची बाजू मांडायला विलायतेला गेलेला हा माणूस. वऱ्हाडच्या उद्योगांसाठी, सार्वजनिक सभेसाठी झटलेला, आकडे हातात घेऊन बोलणारा. स्वागताध्यक्ष मजहरुल हक होते. काँग्रेसचे जनक ह्यूम त्याच वर्षी वारले होते, त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली. काहीच दिवसांपूर्वी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगवर बॉम्ब पडला होता, त्याचा निषेध झाला. दक्षिण आफ्रिकेहून नुकतेच परतलेले गोखले तिथल्या हिंदी लोकांवर बोलले. मुधोळकरांच्या नावाला विरोध करायला कोणी उठले नाही. उठणार कोण? मांडवात प्रतिनिधी होते जेमतेम दोनशे. पंधरा वर्षांपूर्वी प्लेग आणि राजद्रोहाच्या सावटातही एकट्या अमरावतीने त्याच्या तिपटीहून अधिक प्रतिनिधी जमवले होते. मुधोळकरांसारख्या भल्या माणसाच्या वाट्याला हा ओस मांडव यावा, याची हळहळ वाटते. त्यांचे दुर्दैव इतकेच की त्यांच्याशी भांडू शकतील अशी माणसे आधीच दाराबाहेर गेली होती.

१९१६ ला लखनौमध्ये दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले आणि प्रतिनिधींची संख्या दोन हजारांवर गेली. १९२० च्या नागपूर अधिवेशनाला ती साडेचौदा हजार होती. टिळकांना मात्र अध्यक्षपद कधीच लाभले नाही. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली, पण चिरोल या इंग्रज पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी त्यांना विलायतेला जावे लागले आणि खुर्चीवर मदनमोहन मालवीय बसले.

अकोल्याच्या लोकांशी या विषयावर बोलायला लागा, कोणीतरी ‘गजानन विजय’ ग्रंथातला प्रसंग सांगतोच. अकोल्याला शिवजयंतीची सभा भरली, टिळक आले, खापर्डे आले, शेगावहून गजानन महाराज व्यासपीठावर येऊन बसले आणि टिळकांना कैद होणार असे त्यांनी सांगितले, अशी ती कथा. भाविक तिच्याकडे भविष्यवाणी म्हणून पाहतात. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. सुरतेला ज्याला व्यासपीठावरून ओढून काढू पाहिले, त्याला वऱ्हाडाने आपल्या व्यासपीठावर बोलावले आणि मराठीत बोलू दिले.

१९२० च्या नागपूर घटनेने काँग्रेसचे भाषावार प्रांत केले आणि वऱ्हाडला स्वतःची प्रांतिक समिती मिळाली. अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणींनी पुढे ती बरीच वर्षे चालवली. अध्यक्षाच्या निवडीची रीतही बदलली. आता प्रांतिक समित्या नावे कळवू लागल्या. १९२९ मध्ये दहा प्रांतांनी गांधीजींचे, पाच प्रांतांनी वल्लभभाईंचे आणि तीन प्रांतांनी जवाहरलालांचे नाव कळवले. गांधीजींनी नकार दिला आणि अध्यक्ष झाले जवाहरलाल. १९३९ मध्ये शेजारच्या त्रिपुरीच्या अधिवेशनासाठी सुभाषचंद्र बोस १५८० मते मिळवून पट्टाभि सीतारामय्यांविरुद्ध निवडून आले आणि काही महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. मतपेटी आली हे चांगलेच झाले. पण मांडवातले सूचनेचे भाषण उरले ते शोभेपुरते, निर्णय त्याच्या आधीच झालेला असे.

आजचा हिशेब थोडक्यात सांगतो. १९९७ मध्ये सीताराम केसरी, शरद पवार आणि राजेश पायलट यांच्यात काँग्रेस अध्यक्षपदाची लढत झाली. २००० मध्ये जितेंद्र प्रसाद यांना सोनिया गांधींविरुद्ध ९४ मते पडली. १९ ऑक्टोबर २०२२ ला मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ विरुद्ध शशी थरूर १,०७२ असा निकाल लागला. त्या पक्षात निदान मतदान तरी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण दोन्ही उमेदवारांनी एका व्यासपीठावर येऊन प्रतिनिधींपुढे बोलावे, ही थरूर यांची इच्छा पुरी झाली नाही. भारतीय जनता पक्षाचा अध्यक्ष बिनविरोधच होतो. नागपूरचे नितीन गडकरी २००९ मध्ये झाले, तेही असेच. शिवसेनेतल्या फुटीच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात निवडणूक आयोगाने पक्षातल्या नेमणुका निवडणुकीविना झाल्याकडे बोट दाखवले आणि पक्षाची घटना बाजूला ठेवून आमदार-खासदारांची संख्या मोजली. अमरावती-अकोल्यातल्या ज्या शिवसैनिकाने तीस-पस्तीस वर्षे भिंती रंगवल्या, त्याचे मत कुठेच मोजले गेले नाही, कारण ते कधी विचारलेच गेले नव्हते.

अमरावतीला आणखी एक मान आहे. इथल्या सूनबाई आणि माजी खासदार प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. या निवडणुकीचा अर्ज भरायला पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात. शंभरही जण सही करतात आणि बाजूला होतात. प्रतिभाताईंचे नाव १४ जून २००७ ला दिल्लीत जाहीर झाले. देशाला पहिली महिला राष्ट्रपती का हवी, हे त्या शंभर जणांतल्या एकाला तरी सभागृहात उभे राहून सांगता आले असते, तर ते भाषण अमरावतीच्या शाळांतून आज वाचले गेले असते.

अमेरिकेत तरी सगळे आलबेल आहे असे नाही. १९६८ च्या शिकागोतल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातल्या गोंधळानंतर तिथे निर्णय प्राथमिक निवडणुकांकडे गेला आणि अधिवेशन हा टीव्हीवरचा सोहळा झाला. २०२४ मध्ये बायडेन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची उमेदवारी ऑगस्टच्या सुरुवातीला ऑनलाइन मतदानाने पक्की झाली. शिकागोतले अधिवेशन त्यानंतर भरले. तरीही तिथे भाषणाचे महत्त्व टिकून आहे. २००४ मध्ये बोस्टनच्या अधिवेशनात इलिनॉय राज्याच्या सिनेटमधला एक सभासद बोलला आणि चार वर्षांनी बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याकडे अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या जिल्हा परिषद सदस्याला पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात असा माइक मिळेल का?

सूचना-अनुमोदनाची ही रीत वऱ्हाडातून गेलेली मात्र नाही. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या कोणत्याही सेवा सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. सतरंजी अंथरलेली असते, गटसचिव अहवालाचा गठ्ठा घेऊन टेबलाशी. एक जण उठतो आणि सभेचे अध्यक्षस्थान अमुक भाऊंनी घ्यावे अशी सूचना मांडतो. दुसरा बसल्या जागेवरून हात वर करून म्हणतो, “मी याले अनुमोदन देतो.” आणि कधीतरी मागच्या रांगेतून आवाज येतो, “काहून बॉ? मागच्या सालीबी हेच होते ना!” मग जो गलका होतो त्यात पीककर्ज निघते, खताची टंचाई निघते, अध्यक्षांनी मागच्या वर्षी काय केले नि काय नाही ते निघते. कधी नाव बदलते, बहुतेक वेळा तेच राहते. पण जो खुर्चीवर बसतो तो ऐकून घेऊन बसतो. अकोल्याच्या स्वराज्य भवनात किंवा अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात भरणाऱ्या पक्षांच्या मेळाव्यांत शाली-श्रीफळांचे सत्कार तासभर चालतात, पण ‘काहून’ विचारणारा आवाज ऐकू येत नाही. तो विचारणारी माणसे तीच आहेत. सोसायटीत ती बोलतात आणि पक्षात गप्प बसतात, कारण तिथे बोलणाऱ्याचे तिकीट कापले जाते हे त्यांनी पाहिले आहे.

वऱ्हाडातल्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या संघटनात्मक निवडणुकीत तालुकाध्यक्षापासून सुरुवात करा. नाव सुचवणाऱ्याला पाच मिनिटे द्या आणि हा माणूस का, हे त्याला सभेपुढे सांगायला लावा. ज्याला ते नाव मान्य नसेल त्यालाही पाच मिनिटे द्या, त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मग हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून मते मोजा. यासाठी कोणत्याही पक्षाची घटना बदलावी लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. फक्त सभेच्या नोटिशीत एक ओळ वाढवावी लागते. ती ओळ लिहायला लावा, आणि नोटीस तशी निघाली नाही तर सभेत उठून विचारा.